१२३४५६७८९८७६५४३२१ : सतरा अंकी संख्या कागद-पेन घेऊन कशी उलगडायची

या लेखात एकच संख्या घ्यायची आहे, १२३४५६७८९८७६५४३२१, आणि ती मूळ आहे का, वर्ग आहे का, तिला विभाजक किती, ती कुठल्या कुठल्या प्रकारात बसते हे सगळं हाताने काढायचं आहे. हीच संख्या घेतली कारण सतरा अंकी असूनही ती कागदावर पूर्ण सुटते, आणि शिवाय तिचं डोंबिवली-देवळालीशी खरंखुरं नातं आहे, ते पुढे येईलच. स्कॉलरशिप नाहीतर ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्या मुलांना उपयोग होईल, पण ज्यांचा दहावीनंतर गणिताशी संबंध आला नाही त्यांनाही जमेल, गुणाकार, भागाकार आणि शाळेतल्या विभाज्यतेच्या कसोट्या एवढंच लागतं.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. संख्येचे गुणधर्म दोन जातीचे असतात. काही तिच्या लिखाणावर असतात, म्हणजे आपण दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून दिसतात, उलटसुलट सारखी असणं, अंकांची बेरीज वगैरे. आणि काही तिच्या घडणीवर, म्हणजे ती कुठल्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने झाली त्यावर, हे तुम्ही ती कॉम्प्युटरच्या ०-१ च्या भाषेत लिहिलीत तरी बदलत नाहीत. दोन्ही एकाच तक्त्यात टाकले की वाचणाऱ्याला वाटतं सगळं सारखंच महत्त्वाचं. आपण वेगवेगळे ठेवू.

आधी नीट वाचा, आणि नीट टाईप करा

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. कोटीत बोलायचं तर १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१, हे ऐकायला विचित्र वाटतं पण बरोबर आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत स्थानांची जी यादी आहे ती घेतली तर वाचन फारच सुंदर होतं कारण तिथे प्रत्येक दहापटीला वेगळं नाव आहे: १ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी, आणि मग तसंच उतरत एककापर्यंत. या यादीत मध्यच्या पुढे फक्त परार्ध उरतो, म्हणजे आपली संख्या जवळजवळ यादीच्या टोकाला पोचलेली आहे.

आता टाईप करायचं. एक्सेलच्या सेलमधे ही संख्या टाकून बघा, शेवटचे ३२१ जाऊन ३०० होतात, कारण एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूक धरतं आणि पुढचे शून्य करतं. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला साधी संख्या म्हणून दिलीत तर ती शेवटी ३२१ ऐवजी ३२० दाखवते. तिथे संख्या साठवायला ५३ बिट मिळतात, आणि २ च्या ५३ व्या घाताच्या म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ च्या वर गेलं की विषम संख्या त्यात बसतच नाहीत, जवळची सम धरली जाते. हे माहीत नसेल तर पुढचं सगळं चुकतं, तुम्ही भलत्याच संख्येचे अवयव काढत बसता. मशीन वापरायचंच असेल तर पायथन घ्या, त्यात पूर्णांक कितीही लांब असला तरी अचूक राहतो.

पहिल्या चाळणीच्या कसोट्या

शेवटचा अंक १, म्हणजे २ आणि ५ गेले. अंकांची बेरीज करा: १ ते ८ ची बेरीज ३६, ती दोनदा येते म्हणून ७२, अधिक मधला ९, एकूण ८१. ८१ ला ९ ने भाग जातो म्हणून संख्येलाही ९ ने जातो. इथे थांबू नका, प्रत्यक्ष भाग द्या: भागाकार १३७१७४२१०९७३९३६९, याच्या अंकांची बेरीज ७२, म्हणजे परत ९ ने जातो. पुन्हा भागा: १५२४१५७८९९७१०४१. याची अंकांची बेरीज ६४, ३ ने जात नाही. म्हणजे ३ हा अवयव बरोब्बर चार वेळा आहे, ना कमी ना जास्त. (अंकांची बेरीज ८१ आहे म्हणून ८१ ने भाग जातोच असा नियम नाहीये बरं का, ९ पर्यंतच तो नियम चालतो, त्यापुढे भाग देऊनच बघावं लागतं.)

पुढची कसोटी शाळेत सहसा शिकवत नाहीत आणि ती फार कामाची आहे. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: ३२१, ६५४, ९८७, ६७८, ३४५, १२. हे गट एकाआड एक अधिक-उणे करा: ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९. कारण १००१ = ७ × ११ × १३, त्यामुळे आपल्या संख्येला ७, ११, १३ ने भागून जी बाकी येईल तीच ३०९ ला भागून येते. ३०९ ला ७ ने भागलं बाकी १, ११ ने १, १३ ने १०. तिन्ही एका दमात बाद.

आता तेच गट नुसते मिळवा: ३२१ + ६५४ + ९८७ + ६७८ + ३४५ + १२ = २९९७, म्हणजे ९९९ ची तिप्पट. आणि ९९९ = २७ × ३७. म्हणजे ३७ ने भाग जातो, इतका मोठा भागाकार न मांडताच कळलं. माझ्या मते तीनच्या गटांची ही जोडी, बेरजेची आणि उणे-अधिकची, आठवीपासूनच शिकवायला हवी, पाच मूळ संख्यांचा निकाल एका ओळीत लागतो.

घडण शोधा, आंधळेपणाने भागत बसू नका

इथून पुढे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे १७, १९, २३ असं भागत जाणं, आणि तसं गेलात तर वर्गमूळापर्यंत जावं लागेल, ते आहे ११ कोटींच्या पुढे. दुसरा रस्ता म्हणजे पेन खाली ठेवून संख्येकडे बघणं. एकेक अंक चढत नऊपर्यंत जातो आणि तसाच उतरतो, हे असं कशातून तयार होईल?

११ × ११ = १२१. १११ × १११ = १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. उभ्या गुणाकाराची मांडणी डोळ्यासमोर आणा: नऊ एक्के गुणिले नऊ एक्के केलं तर नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली, आणि उभ्या स्तंभात किती एक्के पडतात तर १, २, ३ करत मधे ९ आणि परत खाली १. कुठेही दहा होत नाहीत म्हणून हातचा येत नाही आणि आकृती जशीच्या तशी राहते. म्हणजे आपली संख्या = १११११११११ चा वर्ग. दहा एक्के घेतले की हे मोडतं, मधे हातचा येतो आणि वर्ग होतो १२३४५६७९००९८७६५४३२१. या माळेतली शेवटची नीटनेटकी संख्या आपलीच आहे.

या एका निरीक्षणाने काम अर्धं नाही, कितीतरी पटीने कमी झालं, सतरा अंकांच्या ऐवजी आता नऊ अंकी संख्या फोडायची आहे आणि तीही नुसत्या एक्क्यांची. नऊ एक्क्यांचे तीन-तीनचे गट करा: १११११११११ = १११ × १००१००१. १११ = ३ × ३७. १००१००१ ची अंकांची बेरीज ३, म्हणून ३ ने जातो: १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणजे

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७.

३३३६६७ मूळ आहे का, हे पक्कं कसं करायचं

या टप्प्यावर बरेच जण "दिसतेय तर मूळ" म्हणून पुढे जातात. असं करू नये. ३३३६६७ चं वर्गमूळ ५७७ आणि ५७८ च्या मधे आहे, कारण ५७७ चा वर्ग ३३२९२९ आणि ५७८ चा ३३४०८४. म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, त्या शंभराहून जास्त आहेत. पण हे काम सतरा भागाकारांवर आणता येतं, आणि तो युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे म्हणून सावकाश लिहितो.

समजा प ही मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. २९९७ × ३३३६६७ = ९९९९९९९९९, म्हणून प ने नऊ नव्वांनाही भाग जातो. आता बघायचं की ९, ९९, ९९९, ९९९९ या माळेत प ने पहिल्यांदा भाग कुठे जातो. ती पहिली लांबी नऊची विभाजक असावीच लागते, म्हणजे १, ३ किंवा ९. लांबी १ असेल तर प म्हणजे ३, पण ३३३६६७ ची अंकांची बेरीज २८, ३ ने जात नाही. लांबी ३ असेल तर प ने ९९९ ला भाग जातो म्हणजे ३ नाहीतर ३७, आणि ३७ × ९०१८ = ३३३६६६, बाकी १, तेही गेलं. उरली लांबी ९. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार (प − १ इतके नव्वे लिहिले की त्यांना प ने भाग जातो) ही लांबी प − १ ला भागते, म्हणून प − १ हा ९ च्या पाढ्यात, आणि प विषम आहे म्हणून प − १ सम, म्हणजे १८ च्या पाढ्यात.

म्हणजे प ला १८ ने भागून बाकी १ यायला हवी. ५७७ पर्यंत अशा मूळ संख्या एवढ्याच: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. प्रत्येकाने भागून बघा. १९ ने बाकी ८, ७३ ने ५७, १०९ ने १८, १२७ ने ३८, १६३ ने फक्त ६, १८१ ने ८४, १९९ ने १४३, २७१ ने ६६, ३०७ ने २६५, ३७९ ने १४७, ३९७ ने १८७, ४३३ ने २५७, ४८७ ने ७२, ५२३ ला अवघे ७ कमी पडतात, ५४१ ने ४११, ५७७ ने १६१. एकही जात नाही. ३३३६६७ मूळ आहे, आणि हे आता कुणाच्या सांगण्यावरून नाही तर तुमच्या वहीवरून सिद्ध आहे.

या संख्येचं आणखी एक वैशिष्ट्य याच कामातून फुकट मिळतं: १ भागिले ३३३६६७ चा दशांश ०.०००००२९९७०००००२९९७… असा नऊ-नऊ अंकांनी फिरतो, आणि बरोब्बर नऊ अंकांचं आवर्तन असणारी मूळ संख्या जगात हीच एक आहे. ३७ तशीच तीन अंकांची एकुलती एक, १/३७ = ०.०२७०२७….

तर पूर्ण घडण अशी: आपली संख्या = ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग.

घडणीतून मिळणाऱ्या गोष्टी

अवयव हातात आले की बाकीचं भराभर होतं. घातांक ४, २, २. प्रत्येकात एक मिळवा आणि गुणा: ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. विषम आले, ते यायलाच हवेत, कारण विभाजकांच्या जोड्या लागतात आणि वर्गसंख्येत वर्गमूळ एकटंच उरतं, इथे २२ जोड्या आणि मधे १११११११११.

पंधरा छोटे विभाजक ३ आणि ३७ पासूनचे: १, ३, ९, २७, ८१, ३७, १११, ३३३, ९९९, २९९७, १३६९, ४१०७, १२३२१, ३६९६३, ११०८८९. याच पंधरांना ३३३६६७ ने गुणलं की पुढचे पंधरा, आणि तिच्या वर्गाने म्हणजे १११३३३६६६८८९ ने गुणलं की शेवटचे पंधरा. मधले पंधरा जरूर लिहून काढा, त्यात १००१००१, ३००३००३, २७०२७०२७, ३७०३७०३७, १११११११११, ३३३३३३३३३, ९९९९९९९९९ असे एकेक निघतात, आणि त्यातच १२३४५६७९ सुद्धा आहे, तीच ८ गायब असलेली, जिला ९ ने गुणलं की नऊ एक्के येतात. तिला ८१ ने गुणलं की नऊ नव्वे, म्हणून १/८१ = ०.०१२३४५६७९०१२३४५६७९….

सगळ्या विभाजकांची बेरीज तीन कंसांच्या गुणाकाराने येते: (१ + ३ + ९ + २७ + ८१) = १२१, (१ + ३७ + १३६९) = १४०७, आणि (१ + ३३३६६७ + १११३३३६६६८८९) = १११३३४०००५५७. गुणाकार १८,९५,४२,७९,५९,२८,२७,५७९. यातून स्वतः संख्या वजा केली तर राहतात ६,६०,८६,००,६०,५१,७३,२५८, म्हणजे संख्येच्या निम्म्याहून थोडे जास्त. विभाजकांची बेरीज संख्येएवढी भरली असती तर ती परिपूर्ण, जास्त असती तर विपुल, इथे कमी पडते म्हणून न्यून. एवढा गुणाकार करायचा कंटाळा असेल तर ३/२ × ३७/३६ × ३३३६६७/३३३६६६ हा अंदाज बघा, सगळ्या विभाजकांची बेरीज (स्वतः संख्या धरून) संख्येच्या इतक्या पटीहून कमीच भरते, आणि तो १.५५ च्याही खाली आहे, आणि विपुल व्हायला २ च्या वर जावं लागतं.

एकपासून या संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ असलेल्या (म्हणजे १ सोडून दुसरा सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या किती, तर २/३, ३६/३७ आणि ३३३६६६/३३३६६७ ने क्रमाने गुणा: ८,००,७९,८३,९९,१९,९२,०१६. संख्या पूर्ण वर्ग आहे पण चौथा घात नाही, कारण ३७ आणि ३३३६६७ दोनदाच आहेत.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेला भाग पुढचा. ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का? ज्या मूळ संख्यांना ४ ने भागून बाकी १ येते त्यांच्यामुळेच ते शक्य होतं. ३ ची बाकी ३, ३३३६६७ ची पण ३, फक्त ३७ ची १. म्हणून सगळी शक्यता ३७ वर येते: ३७ चा वर्ग = १२ चा वर्ग + ३५ चा वर्ग. १२, ३५ आणि ३७ या तिघांना उरलेल्या ९ × ३३३६६७ = ३००३००३ ने गुणा:

३६०३६०३६ चा वर्ग + १०५१०५१०५ चा वर्ग = १२३४५६७८९८७६५४३२१.

म्हणजे पायथागोरसचा एक काटकोन त्रिकोण, ज्याच्या बाजू ३६०३६०३६, १०५१०५१०५ आणि कर्ण १११११११११. शून्य न वापरता दोन वर्गांत मांडायची हीच एक रीत आहे, कारण वाट फक्त ३७ मधून जाते. पडताळा सोपा आहे, तिन्ही १००१००१ च्या पटीत आहेत: ३६, १०५, १११, आणि १२९६ + ११०२५ = १२३२१.

आता कापरेकर

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा डहाणूचा, शिक्षण फर्ग्युसन कॉलेजात, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिक्षक. बहुतेकांना त्यांचा ६१७४ हा स्थिरांक तेवढा माहीत असतो. पण १, १२१, १२३२१ करत आपल्या संख्येपर्यंत येणाऱ्या माळेचं नावही त्यांनीच दिलं, डेमलो संख्या. जीआयपी (आताच्या मध्य) रेल्वेवरच्या ज्या स्टेशनवर त्यांना ही कल्पना सुचली त्याचं तेव्हाचं नाव डेमलो, आताचं डोंबिवली. १९७५ मधे मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकनमधे लिहिलं तेव्हा बाहेरच्या जगाने कापरेकरांची दखल घेतली, तोवर आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना हे काम किरकोळ वाटायचं. मला ते तेव्हाही अन्यायाचं होतं असं वाटतं, आजही वाटतं.

पुढचे सगळे लिखाणावरचे गुणधर्म आहेत, त्यामुळे अवयव माहीत असून भागत नाही, प्रत्येक स्वतंत्र तपासावा लागतो.

हर्षद संख्या: स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणारी. बेरीज ८१, आणि ८१ ने भाग जातो हे वर पाहिलंच. हर्षद आहे.

पॅलिंड्रोम (उलटसुलट सारखी) तर आहेच, आणि वर्गमूळही पॅलिंड्रोम.

देवळाली संख्या, म्हणजेच सेल्फ नंबर: एखादी संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवीन संख्या मिळते. उदाहरणार्थ २३ + ५ = २८, म्हणजे २८ चा जनक २३. जिला असा जनकच नसतो ती देवळाली संख्या, जसं २०. आपल्या संख्येला जनक आहे का? आंधळेपणाने शोधायचं तर सतरा अंकांची जास्तीत जास्त बेरीज १५३, म्हणजे १५३ संख्या तपासायच्या. पण जनक आणि त्याची अंकबेरीज यांची ९ ने भागल्यावरची बाकी सारखीच असते, आणि दोन्ही मिळून ९ च्या पाढ्यातली संख्या द्यायची आहे, म्हणून अंकबेरीज स्वतःच ९ च्या पाढ्यात हवी. राहिल्या फक्त सतरा. पहिले चौदा अंक बदलत नाहीत, त्यांची बेरीज ७५, म्हणून शेवटचे तीनच अंक बघत जायचं. ९ वजा केले तर शेवट ३१२, बेरीज ७५ + ६ = ८१, हवे होते ९. असं करत ८१ वर या: शेवट २४०, बेरीज ७५ + ६ = ८१. जुळलं! १२३४५६७८९८७६५४२४० + ८१ = आपली संख्या. बाकीच्या सोळांमधे कुठेच जुळत नाही, म्हणजे जनक एकच, आणि ही देवळाली संख्या नाही.

स्मिथ संख्या हा प्रकार कापरेकरांचा नाही पण याच जातीचा: अंकांची बेरीज आणि सगळ्या मूळ अवयवांच्या अंकांची बेरीज सारखी. इथे ३ हा अवयव चार वेळा म्हणून १२, ३७ दोनदा म्हणून २०, ३३३६६७ दोनदा म्हणून ५६, एकूण ८८. हवे होते ८१. नाही.

स्वतः करून बघायला

१२३४५६७६५४३२१ घ्या, सात एक्क्यांचा वर्ग. क्रम तोच ठेवा, आधी घडण, मग अवयव, मग विभाजक, आणि शेवटी अंकांचे प्रकार वेगळे. पडताळ्यासाठी: १११११११ = २३९ × ४६४९, दोन्ही मूळ, म्हणून वर्गाला विभाजक ९. अंकांची बेरीज ४९, पण अवयवांत ७ नाही म्हणून हर्षद नाही. ४६४९ = ६८ चा वर्ग + ५ चा वर्ग, त्यामुळे दोन वर्गांची बेरीज इथेही निघते. आणि जनक इथेही आहे, १२३४५६७६५४२६५, त्याची अंकबेरीज ५६.